मिनेसोटाची राज्य जत्रा आणि कॉलेजची सुरुवात: मुलीने किती आधी निघावे?

प्रश्न: घोडबंदरकर (ठाणे)

माझ्या मुलीला अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट पॉल कॅम्पसमध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी प्रवेश मिळाला असून तिचे वर्ग लेबर डेच्या (तिथल्या कामगार दिनाच्या सुट्टीच्या) दुसऱ्या दिवशी, म्हणजे ८ सप्टेंबर २०२६ रोजी सुरू होतील. घरचा गणपती १४ सप्टेंबरला आहे, तेव्हा यंदा ती आरतीला नसणार हे सासूबाईंनीही आता मनाशी मान्य केले आहे. प्रश्न वेगळाच आहे. तिथे आधीपासून असलेल्या मुली तिला सांगतात की, ऑगस्टच्या मध्यालाच ये, म्हणजे वर्ग सुरू होण्यापूर्वी राज्य जत्रा नीट पाहता येईल. एका जत्रेपायी जादा दिवसांचे भाडे कशाला भरायचे, असे माझ्या यजमानांचे म्हणणे आहे. जत्रेत हंगामी कामे भरपूर मिळतात, त्यातून तो खर्च भरून निघेल, असा हिशेब मुलीने मांडला आहे. शिवाय आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. ज्यांना तिथला अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: ऐरोलीचा अभियंता

ताई, मी त्याच विद्यापीठात शिकलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ही जत्रा बारा दिवस चालते आणि लेबर डेला, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी संपते. तिचे सुमारे ३२० एकरांचे मैदान सेंट पॉल कॅम्पसला अगदी लागून आहे. सोमवारी रात्री जत्रा उठते आणि मंगळवारी वर्ग भरतात, त्यामुळे तिथल्या लोकांच्या लेखी उन्हाळा त्या रात्रीच संपतो. राज्यातील सरकारी शाळाही सहसा लेबर डेनंतरच उघडतात. १९४६ मध्ये पोलिओच्या साथीमुळे आणि २०२० मध्ये कोविडमुळे जत्रा भरली नव्हती, पण असे प्रसंग विरळाच.

पाळणे आणि खाद्यपदार्थ एवढ्यावरच ही जत्रा थांबत नाही. मूळ गाभा शेतीचा आणि जनावरांचा आहे. आपल्याकडची माळेगावची यात्रा ज्यांनी पाहिली असेल त्यांना गुरांच्या गोठ्यांतला वास आणि मालकांचा रुबाब लगेच ओळखीचा वाटेल. फोर-एच नावाच्या चळवळीतील शाळकरी मुले स्वतः वाढवलेली वासरे, मेंढ्या आणि डुकरे धुऊन-पुसून परीक्षकांपुढे उभी करतात. मिनेसोटात ही चळवळ विद्यापीठाचाच विस्तार विभाग चालवतो, हे तुमच्या मुलीने जरूर लक्षात ठेवावे.

एक गोष्ट मात्र चुकवू नये. दरवर्षी दुग्धव्यवसायातील तरुण मुलींमधून ‘प्रिन्सेस के ऑफ द मिल्की वे’ निवडली जाते. ती आणि अंतिम फेरीतील इतर मुली स्वेटर, हातमोजे घालून काचेच्या, सावकाश फिरणाऱ्या शीतकक्षात एकेक करून बसतात आणि कलाकार त्यांच्यासमोर सुमारे ४१ किलो लोण्याच्या ठोकळ्यातून त्यांचा चेहरा कोरतो. बाहेर लोक घामाघूम आणि आत ती मुलगी गारठलेली, तरी हसतमुख! १९६५ पासून ही प्रथा चालू आहे आणि त्या मुलींपैकी अनेक जणी स्वतः कॉलेजात शिकत असतात.

खाण्याचे म्हणाल तर बहुतेक पदार्थ काडीला टोचून मिळतात. (उपराष्ट्राध्यक्ष असताना थिओडोर रूझवेल्ट यांनी २ सप्टेंबर १९०१ रोजी याच जत्रेतील भाषणात ‘मवाळ बोला आणि हातात मोठी काठी ठेवा’ ही म्हण सांगितली होती, काड्यांचा संबंध तितका जुना समजायला हरकत नाही.) प्रोन्टो पप नावाच्या प्रकारात आत सॉसेज असते, तो टाळावा. चीज कर्ड्स म्हणजे पिठात बुडवून तळलेले चीजचे तुकडे. त्या पिठात अंडे आहे का आणि चीजसाठी प्राणिजन्य रेनेट (दूध गोठवणारा घटक) वापरले आहे का, हे विचारूनच घ्यावे. कुकीजमध्ये अंडे असते. लोणी लावलेले भाजके कणीस आणि दूध यांवर मात्र तिचे पोट निश्चिंत भरेल.

उत्तर: वाशी_सेक्टर१७

कामाचा हिशेब आधी डोक्यातून काढून टाकावा. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर पहिल्या शैक्षणिक वर्षात कॅम्पसबाहेर नोकरी करता येत नाही आणि जत्रेचे मैदान कॅम्पसला खेटून असले तरी ते कॅम्पस नव्हे. तिथल्या स्टॉलवर चार दिवस रोख पैसे घेऊन काम केले तरी ते व्हिसाच्या अटींचे उल्लंघन ठरते आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागते. सत्र सुरू झाल्यावर कॅम्पसमध्ये आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते, ते तिने शोधावे. दुसरे असे की, विद्यापीठाकडून व्हिसासाठी मिळणाऱ्या आय-ट्वेंटी या कागदावर छापलेल्या सुरुवातीच्या तारखेच्या तीस दिवसांपेक्षा आधी अमेरिकेत प्रवेश मिळत नाही. ती तारीख वर्गांच्या नव्हे, तर ओरिएंटेशनच्या (नव्या विद्यार्थ्यांच्या परिचय-सत्राच्या) दिवसाची असू शकते, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी तो कागद नीट वाचावा.

उत्तर: पाचपाखाडीचे काका

आमचा मुलगा आयोवात होता, त्यामुळे माझे मत जरा वेगळे आहे. तिथली जत्रा ऑगस्टच्या मध्यावर भरते, १९११ पासून लोण्याची गाय तिचे आकर्षण आहे आणि कॉलेज सुरू होईपर्यंत ती उरकलेली असते. टेक्सासची जत्रा तर सप्टेंबरअखेर सुरू होते, म्हणजे अभ्यास ऐन रंगात असताना. मिनेसोटाचे वेळापत्रक नवख्या मुलांच्या दृष्टीने जास्त अडचणीचे, कारण बँकेचे खाते, घराचा करार, ओरिएंटेशन, पुस्तके हे सारे त्याच बारा दिवसांत येते. घरभाडे कधीपासून लागू होते ते पाहून त्याच सुमारास तिने पोहोचावे, जत्रेसाठी म्हणून आठवडाभर आधी जाऊ नये. मैदान हाकेच्या अंतरावर आहे. शेवटचा शनिवार-रविवार गर्दीचा असतो. त्याआधी कामाच्या दिवशी सकाळी गोठे आणि लोणी पाहून दुपारपर्यंत परतावे. यजमानांचे म्हणणे भाड्यापुरते बरोबर आहे, पण तिकिटाची तारीख ऑगस्टच्या अखेरीस ढकलू नका, नाहीतर जेटलॅगमध्येच वर्ग सुरू होतील.