सोको आणि आसोको: दोन्हींना ‘तिथे’च?

काठावरची: जपानीचे प्राथमिक धडे मराठीत आणतेय. कोको म्हणजे इथे, दोको म्हणजे कुठे, इथवर ठीक. पण मधले दोघे? ऐकणाऱ्याजवळचं ते सोको, दोघांपासून लांबचं ते आसोको. धड्यात आई विचारते, किल्ली कुठंय? मुलगा म्हणतो, सोको. किल्ली आईच्याच हातापाशी पडलीय. ‘तिथे’ लिहिलं की ती लांब जाते.

जुना टंकलेखक: ‘तुझ्याजवळच आहे बघ.’ झालं! आसोकोला ‘पलीकडे’.

काठावरची: पलीकडेला त्यांचा वेगळा शब्द आहे, मुकोऊ. नदीच्या मुकोऊ, रस्त्याच्या मुकोऊ. शिवाय दोघांना माहीत असलेली, नजरेआडची जागाही आसोकोच. ‘आपण गेलो होतो ना, त्या तिथलं रामेन.’

घाटमाथा: मग उत्तर तुम्हीच दिलंत की, ‘त्या तिथे’. आमची आजी हात लांब करून ‘तिथंऽऽऽ’ म्हणायची. सूर जेवढा लांब तेवढं शेत लांब.

खंयचो: आमच्यात हंय, थंय, खंय. कोको, सोको, दोकोसारखंच एका साच्यातलं. मूळ एकच असणार, लिहून ठेवा.

जुना टंकलेखक: साचा इथे-तिथे-जिथेलाही आहे. जपानीत नाका म्हणजे आत. उद्या त्यातून टोलनाका काढाल.

काठावरची: हसू नका. तिथे स्टेशनच्या आतल्या दुकानांना ‘एकिनाका’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिकीट दाखवून बाहेर पडले, नाका शोधायला.

सानुनासिक: पाठ्यपुस्तकात ‘तेथे’ हवं. ‘तिथंऽऽऽ’ कसलं?

घाटमाथा: किल्ली हरवल्यावर कुठली आई ‘कोठे आहे’ म्हणते हो?

दुपारचा चहा: त्यापेक्षा ‘उए’ बघा. टेबलावरचं पुस्तकही उए, टेबलाच्या वर लोंबणारा दिवाही उए. आपल्याकडे एका ‘च्या’नं पुस्तक हवेत जातं. तोनारीला मात्र ‘शेजारी’ चपखल, शेजारच्या माणसालाही तोच शब्द. पण घराच्या तोनारी घर. घरालगत कुत्रा बसला तर योको, म्हणजे बाजूला.

सानुनासिक: ‘बाजू’ फारसी आहे.

खंयचो: मग कुत्र्यान खंय बसाचा?

सानुनासिक: निकट.

काठावरची: किल्ली अजून आईजवळच आहे, मंडळी.

जुना टंकलेखक: ‘निकट’ कुत्र्याला? आमच्या शेजारी एक होता, तो कायम दारात आडवा. त्याला जपानीत काय म्हणतात?