मदत हवी आहे: गोळ्या सलग घेऊनही पाळी येतेच, ग्राउंड १६ दिवसांवर

धावपट्टी (सोमवार, रात्री १०:४०)
लवकर उत्तर द्या प्लीज. तीन महिने झाले गोळ्या चालू आहेत. सलग घेते, एका दिवसाचाही खाडा नाही. अकॅडमीतली मैत्रीण अशाच गोळ्या सलग घेते, तिला चार महिन्यांत एकदाच आली. मला मात्र महिन्याच्या महिन्याला ठरल्यासारखी येते. ग्राउंड १६ दिवसांवर आलंय आणि हिशोबाने बरोबर त्याच दिवशी येणार. डोस वाढवू का? दोन-दोन घेतल्या तर चालेल का?

मंजिरी_क (रात्री १०:५२)
कसलं ग्राउंड? कुठल्या गोळ्या? वय काय? काहीच लिहिलं नाहीस. आणि दोन-दोन अजिबात घेऊ नकोस.

सागरगोटे (रात्री ११:०५)
अगं, आषाढी वारीला निघताना आम्ही कित्येक वर्षं गोळ्या घेत आलो. पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायच्या, दिवसातून तीन. बंद केल्या की दोन-तीन दिवसांत येते. गौरींच्या वेळी माझ्या जाऊबाई पण घेतात. मेडिकलवाल्याला सांगितलं की देतो. त्याच घे, बाकी भानगडीत पडू नकोस.

धावपट्टी (रात्री ११:२०)
पोलीस भरतीचं ग्राउंड. ८०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. वय २६. गोळ्या पाळणा लांबवायच्या, आशाताईंनी दिलेल्या. लग्न झालंय, मुलगा तीन वर्षांचा आहे.
मागच्या भरतीत पाळीच्या दुसऱ्या दिवशी ८०० मारलं. दोन पॅड एकावर एक लावले होते. शेवटच्या वळणावर वरचं सरकलं, माझा हात आपोआप तिकडे गेला आणि तेवढ्यात दोघी पुढे निघून गेल्या. थोडक्या मार्कांनी राहिले. यंदा तसं होऊ द्यायचं नाही.

गडकोट_दादा (मंगळवार, सकाळी ६:१०)
ताई, मी माजी सैनिक आहे, भरतीची मुलं तयार करतो. ८०० मध्ये पहिल्या २०० मीटरला जीव काढू नका, तिथेच सगळे चुकतात. गोळा मानेला चिकटलेला हवा, कोपर खाली पडू देऊ नका. शेवटचे चार दिवस फक्त हलका सराव. रात्री भिजवलेले चणे आणि गूळ.

मंजिरी_क (सकाळी ७:३०)
दादा, ती पाळीबद्दल विचारतेय.

निवृत्त_नर्सबाई (सकाळी ८:०२)
आशाताईंनी दिल्या म्हणजे माला-एन असणार. बाळा, एक सांग. पाकिटात सगळ्या गोळ्या एकाच रंगाच्या आहेत का? आणि नवीन पाकीट कधी फोडतेस?

धावपट्टी (सकाळी ८:१५)
हो, माला-एन. बहुतेक पांढऱ्या आहेत, शेवटच्या ओळीत गडद. पाकीट पूर्ण संपलं की दुसऱ्या दिवशी नवीन फोडते. म्हणून तर म्हणते, सलग आहे.

निवृत्त_नर्सबाई (सकाळी ८:४०)
इथेच चुकतंय. २८ गोळ्यांपैकी हार्मोन फक्त २१ पांढऱ्या गोळ्यांत असतं. शेवटच्या ७ गडद गोळ्या म्हणजे नुसतं लोह. रोज गोळी घ्यायची सवय मोडू नये आणि अंगातलं रक्त वाढावं म्हणून त्या ठेवलेल्या असतात. त्या सात दिवसांत हार्मोन बंद होतं, म्हणून अंगावर जातं. तुला वाटतं मी सलग घेते, पण दर महिन्याला तू सात दिवस सुट्टीच घेतेस.
तुझ्या मैत्रिणीच्या पाकिटात २१ च गोळ्या असतील. ते संपलं की ती लगेच पुढचं फोडत असेल. लोहाच्या गोळ्या टाकू नकोस, वेगळ्या घेता येतात, पण पांढऱ्या संपल्या की पुढच्या पाकिटातली पांढरी सुरू करायची.
बत्तीस वर्षं उपकेंद्रात काढली. ही चूक मी शेकडो जणींत पाहिली आहे. पाकीट हातात देताना कोणी दोन मिनिटं बसून सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. नोकरीत असताना मी प्रत्येकीकडून बोटाने रंग मोजून घ्यायची.
आणि सागरगोटे ताई, तुम्ही सांगता ती नोरइथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅमची. ती फक्त पाळी पुढे ढकलते. तिच्या भरवशावर दिवस राहणं टळत नाही. दोन्ही गोळ्या एक समजू नका.

धावपट्टी (सकाळी ८:५१)
अरे देवा!! तीन महिने मी हे करतेय. आता सहावी-सातवी पांढरी झाली असेल. मग गडद सोडून नवीन पाकीट फोडलं की झालं ना? ग्राउंडला येणार नाही?

शतपावली (सकाळी ९:३०)
मी स्त्री नाही, पण दोन मुलींचा बाप म्हणून लिहितो. पाळी ही शरीराची शुद्धी आहे. दर महिन्याला बाहेर जायचं रक्त अडवलं तर ते आत साठून राहणार, त्याच्या गाठी होणार. एका नोकरीपायी शरीराशी खेळू नये.

निवृत्त_नर्सबाई (सकाळी ९:५५)
शतपावली भाऊ, काळजीपोटी लिहिलंत हे कळतं, पण आत काही साठत नाही. पिशवीच्या आत दर महिन्याला अस्तर जाड होतं आणि गळून पडतं, ती पाळी. गोळी चालू असताना ते अस्तर पातळच राहतं. अंगण सारवलंच नाही तर पोपडे कुठून निघणार? आणि गोळीवर असताना महिन्याला जे जातं ती मुळात खरी पाळी नव्हेच. हार्मोन थांबलं म्हणून आलेला तो रक्तस्राव.

टेम्सकाठची (दुपारी १:२०)
मी इंग्लंडमध्ये राहते, मूळची सांगलीची. इथल्या कुटुंबनियोजनाच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की त्या सात दिवसांच्या सुट्टीचा आरोग्याला काही फायदा नाही. तीन पाकिटं सलग घेऊन चार दिवस सोडणं इथे सर्रास चालतं. अमेरिकेत तर २००३ पासून ८४ हार्मोनच्या आणि ७ रिकाम्या गोळ्यांचं पाकीट मिळतं, म्हणजे वर्षाला चारच वेळा. मी स्वतः सहा वर्षं अशी घेतली, नंतर दोन मुलं झाली.
सुरुवातीच्या महिन्यांत मधेच डाग पडतात, त्याने घाबरू नकोस. निदान २१ गोळ्या सलग झाल्यावरही तीन-चार दिवस डाग थांबले नाहीत, तर चार दिवस बंद ठेवून पुन्हा सुरू करायच्या.
पण इथे गोळी देण्याआधी काही प्रश्न विचारतातच. तुला कोणी विचारले का? बीपी मोजलंय? सिगारेट, तंबाखू? पायात, छातीत गुठळी कधी? घरात कोणाला? अर्धशिशी? टीबीचं किंवा फिटचं औषध चालू आहे? टीबीच्या रिफाम्पिसिनने गोळीचा परिणाम कमी होतो.

ऊसपट्टा (दुपारी २:४०)
आमच्याकडे एवढी डोकेफोड कोणी करत नाही. एक-दोन लेकरं झाली की पिशवीच काढून टाकतात. पाळी नाही की कटकट नाही, ऊसतोडीत खाडा नाही की दंड नाही. माझ्या आईने पस्तिशीत काढली.

मंजिरी_क (दुपारी ३:०५)
असा सल्ला २६ वर्षांच्या मुलीला देऊ नका हो. बीडच्या ऊसतोड बायकांचं काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. एका दिवसाच्या दंडाला घाबरून बायकांनी अवयव काढून दिले आणि पुढे कंबर, सांधे, हाडं सगळं धरलं. अंडाशय पण काढली असतील तर भर तरुणपणी पाळी जाण्याचे सगळे त्रास मागे लागतात.

ऊसपट्टा (दुपारी ३:३०)
काढ असं म्हणायचं नव्हतं मला. आईला आता पन्नाशीत उभं राहवत नाही, तेच सांगायचं होतं. नीट लिहिता आलं नाही. तिला त्या वेळी माला-एनचा हा उपयोग कोणी सांगितला असता तर बरं झालं असतं.

सागरगोटे (दुपारी ४:१०)
पण भरतीत लघवी तपासली आणि गोळी सापडली तर? खेळाडूंचं होतं तसं?

टेम्सकाठची (दुपारी ४:४५)
गर्भनिरोधक गोळ्या आंतरराष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत नाहीत. ऑलिंपिकच्या धावपटूही घेतात.

धावपट्टी (संध्याकाळी ७:३०)
सरावातून आत्ता आले. सिगारेट-तंबाखू नाही. गुठळी वगैरे काही नाही. टीबी, फिट नाही. बीपी कधी मोजलं नाही. डोकं दुखतं अधूनमधून, पण ते उन्हातल्या सरावाने. आधी डोळ्यापुढे नागमोडी चमचम होते, मोबाईलवरची अर्धी अक्षरं दिसेनाशी होतात, वीस मिनिटांनी ते जातं आणि मग एका बाजूचं डोकं ठणकतं. झोपलं की बरं वाटतं. त्याचं नंतर बघेन. मला फक्त सांगा, गडद सोडून पांढरी घेऊ ना?

अपर्णा_स्त्रीरोग (रात्री ८:१२)
धावपट्टी, थांब. रोज इथले धागे नुसते वाचते, आज लिहावंच लागतंय.
डोकं दुखण्याआधी दिसणाऱ्या त्या नागमोडी चमकीला ऑरा म्हणतात. तू लिहिलंस ते वर्णन ऑरा असलेल्या अर्धशिशीशी तंतोतंत जुळतं. तसं असेल तर माला-एनसारखी, इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेली गोळी घ्यायची नसते, कुठल्याही वयात आणि कुठल्याही पद्धतीने, सुट्टी घेऊन नाही आणि सलगही नाही. मेंदूत गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. तुझ्या वयात तो मुळात फार कमी असतो, म्हणून आज रात्री घाबरून बसू नकोस. पण उद्याच्या उद्या ग्रामीण रुग्णालयात जा, बीपी मोजून घे, हेच शब्द डॉक्टरांना सांग. तोवर आजची पांढरी घेऊ नकोस आणि निरोध वापरा. बोलताना अडखळलीस, चेहऱ्याची एक बाजू किंवा हात-पाय बधिर झाला, तर उद्याची वाट न बघता तातडीने दवाखाना गाठायचा.
डोकेदुखी गोळ्यांच्या आधीपासून होती की नंतर सुरू झाली?

धावपट्टी (रात्री ८:२५)
आधी वर्षातून एखाद-दोनदा. या तीन महिन्यांत पाच वेळा झालं. मला वाटलं ऊन लागतंय.
पण मग ग्राउंडचं काय ताई? एवढं सगळं करून पुन्हा त्याच दिवशी?

अपर्णा_स्त्रीरोग (रात्री ८:४०)
तारखा नीट मांड. आज बंद केलीस तर दोन-तीन दिवसांत थोडं अंगावर जाईल. इतक्या कमी गोळ्या झाल्यात की कदाचित जाणारही नाही. गेलं तरी चार-पाच दिवसांचं काम. तुझं ग्राउंड त्यानंतर आठवडाभराने आहे आणि पुढची पाळी त्याच्याही पुढे जाईल. म्हणजे ग्राउंडसाठी गोळीची गरजच उरत नाही.
सागरगोटे ताईंनी सांगितलेली नोरइथिस्टेरॉन पण मनाने घेऊ नकोस, तिचा थोडा अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. पुढच्यासाठी इस्ट्रोजेन नसलेले पर्याय आहेत. अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांनी घ्यायचं असतं, पण पहिले काही महिने कधीही डाग पडू शकतात, म्हणून भरतीच्या तोंडावर नको. छाया ही आठवड्याची गोळी, हार्मोन असलेली तांबी, यातलं तुला काय चालेल ते तपासणारे डॉक्टर ठरवतील. दोन पॅड लावावे लागतात म्हणजे हिमोग्लोबिन पण बघायला सांग. जास्त जाण्यावर वेगळं औषध असतं, त्यात हार्मोन नसतं.

निवृत्त_नर्सबाई (रात्री ९:०५)
अपर्णा मॅडम, बरं झालं तुम्ही लिहिलंत. डोकेदुखीचं मी आधी विचारायला हवं होतं. रंगांच्या नादात राहून गेलं.

गडकोट_दादा (रात्री ९:३०)
ताई, उद्याचा सराव सोडा आणि दवाखान्यात जा. एका दिवसाने वेग जात नाही.

धावपट्टी (शनिवार, दुपारी १२:५०)
बुधवारी जाऊन आले. बीपी ११८/७६. डॉक्टरबाईंनी माला-एन पूर्ण बंद केली, कार्डावर लाल पेनाने लिहून दिलं आणि म्हणाल्या कुठल्याही दवाखान्यात गेलीस तरी हे दाखवायचं. हिमोग्लोबिन ९.४ आलं, त्यामुळे लोहाची गोळी रोज. मी पाकिटातल्या त्या सात गोळ्यांवर वैतागले होते आणि शेवटी लोहच खावं लागतंय.
आज सकाळी अंगावर जायला लागलं, अगदी थोडं. छाया आजपासून सुरू केली. पहिला दिवस शनिवार धरून शनिवार आणि मंगळवार, तीन महिने. नंतर फक्त शनिवारी. बाईंनी सांगितलं की हिने पाळी पुढे-मागे होते, कमी पण जाते, पण तारखेच्या १५ दिवस वर गेलं तर लघवीची तपासणी करायची.

टेम्सकाठची (दुपारी २:१५)
छान झालं. मोबाईलवर मंगळवार-शनिवारचा गजर लाव, आठवड्याची गोळी विसरायला सोपी.

सागरगोटे (दुपारी ४:००)
मी आजवर मेडिकलवाल्याला फक्त तारीख सांगत आले. यंदा वारीच्या आधी सुनेला घेऊन डॉक्टरकडे जाईन. तिचंही डोकं दुखतं.

धावपट्टी (गुरुवार, सकाळी ७:२०)
काल ग्राउंड झालं. कोरडं. पहिले २०० दादांनी सांगितलं तसे राखून पळाले. शेवटच्या वळणावर दोघींना मागे टाकलं. गोळा थोडा कमी पडला, पण बेरीज मागच्यापेक्षा चांगली आहे. आता लेखी.
हा धागा मैत्रिणीला वाचायला दिला. तिच्या पाकिटात खरंच २१ च गोळ्या आहेत. तिचं बीपी पण कधी कोणी मोजलेलं नाही. उद्या दोघी जाणार आहोत.