ब्रेडी वजा केला तर मॅकडॅनियल्सच्या हाती काय उरतं?

खवचट_काका
अमेरिकन फुटबॉलमधला (एनएफएल लीग) कोच जॉश मॅकडॅनियल्सचं नाव निघालं की लोक २००७ काढून बसतात. त्याची टीम पेट्रियट्स १६-० (सोळा जिंकल्या, हरली एकही नाही), ५८९ पॉइंट, क्वार्टरबॅक (बॉल टाकणारा मुख्य खेळाडू) ब्रेडीचे ५० टचडाउन. मान्य. पण ज्याच्या हाताशी टॉम ब्रेडी आणि रँडी मॉस, त्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला (आक्रमणाचे डाव आखणाऱ्या कोचला) जोखायचं कसं? ब्रेडीने याच्या आधीच तीन सुपर बोल (लीगची फायनल) जिंकले होते. २०२०च्या सीझनला टँपाच्या टीमकडे जाऊन आणखी एक जिंकला. त्याच सीझनला हे महाशय पेट्रियट्सकडे कॅम न्यूटनला क्वार्टरबॅक घेऊन ७-९. २०११ मध्ये सेंट लुईसच्या रॅम्सकडे होते, तेव्हा अख्ख्या सीझनमध्ये १९३ पॉइंट, लीगमध्ये शेवटचा नंबर. ब्रेडी नसलेली वर्षं तेवढी धरा, बाकी सोडा.

फॉक्सबरोची_सून
धरायची तर सगळी धरा की, काका. २००८ बरं सोयीस्कर विसरलात! पहिल्याच मॅचमध्ये ब्रेडीचा गुडघा गेला आणि उरलेला सीझन मॅट कॅसलने काढला. हायस्कूलनंतर क्वार्टरबॅक म्हणून एकदाही सुरुवातीपासून न उतरलेला गडी. तरी ११-५. आणि २०११च्या उन्हाळ्यात लॉकआउट होता (मालक-खेळाडू वादात टीम्सचा सराव बंद). नवं प्लेबुक (डावांची वही) शिकवायला सराव कुठे मिळाला?

खवचट_काका
लॉकआउट ३२ही टीम्सना होता हो. शेवटचा नंबर एकाचाच आला.

तिसरा_डाउन
तुम्ही दोघंही नुसते आकडे बघताय. सुपर बोल ५३चं शेवटचं क्वार्टर काढून बघा. रॅम्सविरुद्ध ३-३, मॅच इतकी रटाळ की आमच्याकडे निम्मे पाहुणे जेवायला उठले होते. मॅकडॅनियल्सने दोन रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारे) आणि दोन टाइट एंड (अडवणारे, पासही झेलणारे धिप्पाड गडी) उतरवले. आता हे धावत घुसणार असं समजून रॅम्सने दणकट गडी आणले. ह्याने आपल्या लोकांना रुंद पसरवलं आणि पास टाकले. एकच प्ले (डाव), लागोपाठ तीनदा! एडेलमन, मग बर्कहेड, मग ग्रॉन्कोव्स्की २९ यार्ड, थेट गोल लाइनपासून दोन यार्डांवर. पुढच्याच प्लेला मिशेल आत. बॉल ब्रेडीनेच टाकला, पण सापळा कोणी लावला?

खवचट_काका
एक ड्राइव्ह (सलग डावांची एक चढाई) म्हणजे करिअर नव्हे. डेन्व्हरच्या टीमचा हेड कोच असताना ६-० वरून ८-८ वर आला, त्याचं काय? रेडर्सने तर दुसरा सीझन निम्म्यावर असतानाच नारळ दिला.

फॉक्सबरोची_सून
ते हेड कोच म्हणून. तिथे तो नापास, मीच लिहून देते. (कोल्ट्स टीमला हेड कोच होण्याचा शब्द देऊन ऐनवेळी फिरला, तो राग वेगळाच.) पण धागा कोऑर्डिनेटरचा आहे ना? २०२१ मध्ये नवख्या मॅक जोन्सला घेऊन १०-७, प्लेऑफ. पुढच्या वर्षी हा रेडर्सकडे गेला आणि प्ले-कॉलिंग (कुठला डाव खेळायचा ते ठरवणं) आलं मॅट पॅट्रिशियाकडे, जो मुळात डिफेन्सचा माणूस. तोच मॅक जोन्स पार गळपटला. क्वार्टरबॅक तोच, बदलला तो कोऑर्डिनेटर.

खवचट_काका
हा मुद्दा वजनदार आहे, नाही म्हणत नाही. पण पॅट्रिशियाशी तुलना करून कोणीही हुशारच दिसेल.

तिसरा_डाउन
बरं, २०२५ घ्या. २०२४ ला पेट्रियट्स ४-१३. नव्या हेड कोच व्रेबेलने मॅकडॅनियल्सला परत आणलं आणि १४-३. ह्यात ब्रेडी कुठे सापडतो तेवढं दाखवा.

खवचट_काका
ब्रेडी नाही, क्वार्टरबॅक ड्रेक मे आहे. आणि त्या वर्षीचं वेळापत्रक किती मऊ होतं तेही लिहा की.