एमएस्सी बायोकेमिस्ट्रीनंतर आधी नेट की आधी लॅब? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मराठवाड्यातल्या एका कॉलेजात एमएस्सी बायोकेमिस्ट्रीचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे. पुढे पीएचडी करायची हे नक्की, अडलंय ते आधी नेट (पीएचडीच्या फेलोशिपची राष्ट्रीय परीक्षा) द्यावी की लॅबमध्ये काम करावं यावर.

आमची प्रॅक्टिकल्स म्हणजे लाळेतलं अमायलेज, बटाट्यातलं ॲसिड फॉस्फटेज अशी एन्झाइम्स. एसडीएस-पेज (जेलवर प्रोटीनं आकारानुसार वेगळी करायची पद्धत) सरांनी चालवलं, आम्ही भोवती उभं राहून पाहिलं. प्रोजेक्ट डॉकिंगचा (रेणू प्रोटीनला कसा चिकटेल याचा अंदाज), म्हणजे सगळा कॉम्प्युटरवर. स्पर्धात्मक इनहिबिटर (सब्स्ट्रेटची, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं त्या पदार्थाची, जागा अडवणारा रेणू) टाकला की केएम (निम्म्या कमाल वेगाला लागणारं सब्स्ट्रेटचं प्रमाण) वाढलेला दिसतो, व्हीमॅक्स (कमाल वेग) तसाच राहतो, हे झोपेतही सांगेन. पण तो ग्राफ काढायला सब्स्ट्रेट किती किती घ्यायचा असं कुणी विचारलं, की माझी बोलती बंद.

पुण्यातल्या एका लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंटची जागा मिळतेय, काम प्रोटीन प्युरिफिकेशनचं. मानधन खोलीभाडं आणि मेसमध्येच संपेल. घरचे म्हणतात, वर्षभर घरी बसून सीएसआयआर नेट काढ, जेआरएफ (पीएचडीसाठीची फेलोशिप) मिळाली की महिना 37 हजार, मग हवी ती लॅब शोध. त्यांचंही चूक नाही.

लॅब सांभाळून नेटचा अभ्यास खरंच होतो का? आणि जेआरएफ हुकून नेटच्या नुसत्या 'फक्त पीएचडी' गटात पात्र ठरले, तर पुढे काय?
(पुस्तकं सुचवू नका, ढीग पडलाय.)

बफरवाला:
जा लॅबमध्ये. नेटच्या 200 पैकी 100 गुण सी भागाला. 75 पैकी 25 प्रश्न सोडवायचे, बरोबर आला तर चार, चुकला तर एक वजा. त्यात प्रयोगाचा निकाल समोर ठेवून अर्थ विचारणारे प्रश्न बरेच असतात. स्वतः जेल चालवलेल्याला ते लवकर उमगतात. मुलाखतीतही 'हे कसं केलंस'वरच अडवतात.

मात्र हो म्हणण्याआधी तिथल्या पीएचडीच्या मुलांशी बोल, सर समोर नसताना. प्रोजेक्टचा निधी किती महिने उरलाय? परीक्षेआधी रजा देतात का? आणि मुख्य म्हणजे, असिस्टंटला स्वतःचं प्रोटीन देतात की नुसते बफर, ऑटोक्लेव्ह आणि ऑर्डरींची बिलं? दुसरं उत्तर आलं तर घरीच बस.

रात्रपाळी:
माझं मत थोडं वेगळं. प्युरिफिकेशनच्या लॅबला घड्याळ नसतं. संध्याकाळी आयपीटीजी (पेशींना प्रोटीन बनवायला लावणारं रसायन) टाकायचं, पेशींचं कल्चर रात्रभर 18 अंशांवर, सकाळी पेशी फोडून कॉलममधून प्रोटीन वेगळं करायचं. रूमवर आल्यावर पुस्तक उघडायचं त्राण राहत नाही. जायचंच तर सकाळचे दोन तास अभ्यासाचे, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाक.

'फक्त पीएचडी'चे गुण एकच वर्ष चालतात आणि त्यासोबत फेलोशिप येत नाही. तेव्हा प्रवेशाआधीच संस्थेला विचार, पैसे कुठून मिळणार. शिवाय एका परीक्षेवर विसंबू नकोस. गेट परीक्षेचाही अर्ज भर. टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्था) प्रवेशपरीक्षा वेगळी असते, तीही दे.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. बफरवाला, प्रोटीन स्वतःचं देणार का, हे सरांनाच सरळ विचारलं तर आगाऊपणा वाटेल का?

बफरवाला:
विचारच. त्यावर जे चिडतात, त्यांच्याकडे पाच वर्षं काढणं अवघडच.