अनुभव धागा: जो फ्रेझिअरचा डावा हूक आणि चिंध्यांची बॅग

हेवीवेट बॉक्सर जो फ्रेझिअर पोरवयात ज्यावर ठोसे मारायचा ते साधं गोणपाट होतं. आत चिंध्या, दाणे काढलेली कणसं, शेवाळ, मधोमध वीट. टांगलं ओकच्या झाडाला. आपल्या सोलापुरात चिंध्यांना काय तोटा? ठोशाची बॅग, हूक (वाकल्या कोपरानं बाजूनं मारलेला ठोसा), कॉर्नर (फेऱ्यांमध्ये बॉक्सरला सांभाळणारी माणसं), जे पक्कं ठाऊक आहे ते मापासकट लिहा.

कात्रणवाला
वीट तेवढी नको की ओ, मनगट जाईल. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यांची कात्रणं घ्या, चार फुटी बॅगेला ३० ते ३५ किलो. दोन दिवस उन्हात टाका. टॉवेलचं कापड ओल धरतं, मग बॅग कुबट मारते. वीतभर थर टाकायचा, दांडक्यानं ठेचायचा, मग पुढचा. सुटी वाळू ओतलीत तर ती तळाला बसून दगड होते, आणि पोटाच्या उंचीचा हूक नेमका तिथंच बसतो. वजन हवंच असेल तर वाळू दुहेरी पिशव्यांत बांधून मधोमध, भोवती कापड. पंधरा दिवसांत भरण खाली दबतं, वरून पुन्हा भरा.

डावा_हात
लहानपणी डुकराच्या तावडीतून पळताना पडून फ्रेझिअरचा डावा हात दुखावला, पुढे पुरता सरळ झालाच नाही. हूकला कोपर वाकलेलंच लागतं! भार डाव्या पायावर, टाच बाहेर फिरवा, कंबर वळली की मूठ मागोमाग येते. कोपर मुठीच्या उंचीला, उजवा हात गालाला. मूठ आधी मागे नेलीत की समोरच्याला कळलंच. तालमीतून आलेली पोरं कमरेत वाकतात, वाकायचं गुडघ्यात. खांद्याच्या उंचीला दोरी बांधून तिच्याखालून तीन-तीन मिनिटं डावी-उजवीकडे निघा. आत शिरायची लयही बदलती ठेवा. किंग्स्टनला २२ जानेवारी १९७३ रोजी फ्रेझिअर सरळ प्रतिस्पर्धी जॉर्ज फोरमनच्या माऱ्यात शिरत गेला आणि दोन फेऱ्यांत सहा वेळा पडला.

कोपरा
८ मार्च १९७१ ला पंधराव्या फेरीत मुहम्मद अली पडला तो फ्रेझिअरच्या याच हूकवर. पण मला १ ऑक्टोबर १९७५, मनिलातली दोघांची लढत जास्त मोलाची वाटते. चौदा फेऱ्यांनंतर डोळे सुजून मिटत आलेले, फ्रेझिअर उठायला बघत होता, त्याचा प्रशिक्षक एडी फचनं लढत थांबवली. कॉर्नरला उभं राहणाऱ्यानं दर फेरीनंतर बोटं दाखवून मोजायला लावावं. उत्तर चुकलं की टॉवेल टाकून लढत थांबवायची.

कात्रणवाला
राहिलंच. बॅग पत्र्याच्या शेडच्या पाइपाला टांगू नका, वेल्डिंग सुटतं. आरसीसी तुळईला अँकर बोल्ट, आणि साखळीत फिरती कडी.