अनुभव धागा: वसंतात परदेशी जायचं, पण आधी तारीख ठरवायची की ठिकाण?

एप्रिलात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि घरोघरी एकच विषय निघतो, यंदा कुठंतरी लांब जाऊया. टूर कंपन्यांची पत्रकं सगळ्यांकडे आहेत, ती इथं नकोत. तुम्ही तारीख आधी धरली की ठिकाण, आणि ते जमलं का, एवढंच लिहा. सुरुवात मीच करते.

धागाकर्ती, जुळे सोलापूर
आम्ही ठिकाण आधी धरलं: जपान, साकुरासाठी, म्हणजे चेरीच्या बहरासाठी. टोकियोत फुलं साधारण मार्चच्या शेवटी उमलतात, आठवड्याभरात पूर्ण बहर येतो आणि एक जोराचा पाऊस आला की झाडं मोकळी. तिकडच्या हवामान संस्था जानेवारीपासून बहराचे अंदाज देतात, पण तोवर स्वस्त तिकिटं संपलेली असतात. मग एकाच शहरावर भिस्त ठेवलीच नाही. बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो, म्हणून एप्रिलच्या उत्तरार्धात गेलो आणि शिंकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, वर शिन-आओमोरी आणि तिथून साध्या गाडीनं हिरोसाकीला. टोकियोत तेव्हा झाडांना पालवी फुटली होती, आणि इथं किल्ल्याच्या खंदकात पाकळ्यांचा एवढा थर की पाणी दिसेना. एक बदक त्यातून गेलं तर मागे काळी रेघ उमटायची आणि हळूहळू परत बुजायची. हे अर्धा तास बघत बसलो, ह्यांचा चहा राहिला. २९ एप्रिलपासून त्यांचा गोल्डन वीक, म्हणजे सुट्ट्यांचा आठवडा लागतो, सगळा जपान घराबाहेर पडतो. त्याच्या आत परतीचं विमान धरा.

विजापूर रोड
दहावीचं पोरगं घरात असलं की लोक फिरणं बंद करतात. उलट तेच वर्ष सोन्यासारखं! बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये संपते, निकाल मे महिन्यात, आणि बाकीच्यांची पोरं एप्रिलात पेपर लिहीत असतात. आम्ही हॉलंड गाठलं. कोयकेनहॉफची बाग वर्षात जेमतेम आठ आठवडे उघडी असते, मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, आणि दरवर्षी सुमारे ७० लाख कंद हातानं लावतात. ट्यूलिप बघायचे तर एप्रिलचा मध्य गाठावा. तिकीट वेळेच्या स्लॉटचं, आधीच ऑनलाइन काढावं. थंडी मात्र हलक्यात घेऊ नका. ऊन, वारा, गारा सगळं एका दुपारी झालं. कडक भाकरी आणि शेंगा चटणी बागेतल्या बाकावर बसून खाल्ली. साजूक तूप, पेढे नेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

होटगी रोड, शिक्षिका
आम्हाला कसली निवड? वार्षिक परीक्षा, पेपर तपासणं, १ मे उजाडल्याशिवाय सुटका नाही. म्हणजे तारीख ठरलेलीच, तिला जुळणारं गाव शोधायचं. मेमध्ये हॉलंडची चौकशी केली तर कळलं की कंद पोसावा म्हणून शेतकरी फुलांची मुंडकीच छाटतात, शेतं हिरवी होतात. तेव्हा नकाशात आणखी वर गेले: नॉर्वेचं हार्डांगर. तिथं सफरचंदाचा बहर मेच्या उत्तरार्धात. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या काठाला पांढरी झाडं, वर डोंगरमाथ्यावर अजून बर्फ. १७ मे त्यांचा राष्ट्रीय दिवस, बायका-पोरं पारंपरिक पोशाखात मिरवणुकीला. महाग आहे, खोटं कशाला बोलू. साधी कॉफी घेतानाही मनात रुपये मोजले जायचे. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात. उन्हाळ्याची झुंबड उडायच्या आत, जानेवारीतच सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो. शाळेला रजेचा अर्जही लागला नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसी
आमचा टॉवेलचा धंदा. मार्च एंडिंग झाल्याशिवाय हलता येत नाही, आणि नंतर किती दिवस निघता येईल ते ऑर्डरवर. व्हिसाची भानगडच नको म्हणून नेपाळ. पासपोर्ट किंवा मतदान कार्ड चालतं. आधारवर जाऊ नका, विमानतळावर अडवतात. एप्रिलात पून हिलच्या वाटेवर (३२१० मीटर) लालीगुराँस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असतो, दगडी पायऱ्यांवर लाल सडा. दुपारनंतर ढग येतात, म्हणून पहाटे चालायचं. पायऱ्या लई आहेत की ओ, गुडघे तपासून जावा.

साखर पेठ
पाडव्याला जोडून बालीला जाणार असाल तर आधी न्येपी, म्हणजे तिथला मौन पाळायचा नववर्षदिन, कधी आहे ते बघा. त्यांचंही शक वर्ष, त्यामुळे हा सण बऱ्याचदा पाडव्याच्या आगेमागे पडतो. त्या दिवशी विमानतळसुद्धा २४ तास बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, हॉटेलातले दिवेही मंद. आम्ही मुद्दाम तोच मुहूर्त धरला, आदल्या संध्याकाळची ओगोह-ओगोह राक्षसांची मिरवणूक बघायला. दोनच दिवस हातात असतील तर मात्र टाळा.

रेल्वे लाईन्स
स्वित्झर्लंडला एप्रिलात जाऊ नका, एवढंच लिहितो. खाली चिखल, वर धुकं, कित्येक केबल कार दुरुस्तीला बंद, फुर्कासारखे घाट बर्फानं अडलेले. जूनमध्ये जा.

सात रस्ता
वसंत एप्रिलातच येतो असं कुणी सांगितलं? विषुववृत्ताच्या खाली आपल्या दिवाळीत असतो. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सिडनीचे रस्ते जॅकरंडानं जांभळे होतात. पोरांना सुट्टी, परीक्षा संपलेल्या, इथं घर सोडून पळावं असं ऊनही नाही. भाडं तेव्हा चढं असतं हे खरं, म्हणून आम्ही तिकीट पावसाळ्यातच काढलं. ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू कार्डावर जाहीर करा, लपवलीत तर मोठा दंड. आमच्या चटणीचा डबा अधिकाऱ्यानं उघडला, वास घेतला, शिंकला आणि जा म्हणाला. आईची अट एकच होती, लक्ष्मीपूजन घरीच करायचं. मग पाडव्याच्या रात्रीचं विमान घेतलं आणि भाऊबीज तिकडच्या आत्तेबहिणीकडे केली.