वजा २० मध्ये अनेक वर्षं पडून असलेलं सीरम: कोणत्या प्रथिनावर भरवसा ठेवू?

सातपुडा_बायोकेम:
नमस्कार. मी जळगावला बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करतेय. धडगाव-अक्कलकुव्याच्या शिबिरांत २०१९ ला घेतलेलं सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी) आमच्याकडे फ्रीझरमध्ये वजा २० अंशाला आहे. त्यात अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन), आयजीजी (एक अँटीबॉडी) आणि एलडीएच (एक एन्झाइम) बघायचंय. मध्ये बऱ्याचदा लाइट जायची, असं लॅबचे मामा सांगतात. काम करू का?

धुळेकर_टेक्निशियन:
ताई, अल्ब्युमिन आणि आयजीजी कर, दोन्ही दणकट आहेत. एलडीएच सोड. त्याचा यकृतातला प्रकार थंडीतच मरतो. म्हणून तर ताज्या सॅम्पलचं एलडीएच आम्ही फ्रिजमध्येही ठेवत नाही, बाहेर ठेवून त्याच दिवशी लावतो.

वजा २० ला नळी दगडासारखी दिसते, पण मिठाचं पाणी पूर्ण गोठायला वजा २१ च्याही खाली जावं लागतं. तोवर बर्फाच्या कणांमध्ये दाट खारट पाणी उरतं. प्रथिनं त्यातच कोंबली जातात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांना तोडणारी एन्झाइम्स हळूहळू का होईना, चालूच राहतात. वर्षानुवर्षं ठेवायचं तर वजा ८० हवं, ते यासाठी.

मला मात्र वर्षांपेक्षा लाइटीची भीती जास्त. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. वितळलं-गोठलं, वितळलं-गोठलं, यात प्रथिनांचे सगळ्यात जास्त हाल होतात. फ्रीझर फ्रॉस्ट-फ्री आहे का तेही बघ. बर्फ साचू नये म्हणून तो मधूनमधून आतून गरम होतो, सॅम्पलला ते घातक.

आता एक नळी उजेडात धर. झाकणाच्या आत बर्फाची भुकटी आणि सीरमची पातळी खाली गेलेली दिसली, तर पाणी उडालंय. मग अल्ब्युमिन खोटंच जास्त येईल. वितळल्यावर प्रथिनं तळाशी दाट बसतात, वरवरचं पिपेटने उचलू नकोस. नळी हळूच उलटसुलट करून मिसळ, जोरात हलवून फेस आणू नकोस.

तापीकाठ:
एक भर. आकडा बरोबर आला म्हणजे प्रथिन शाबूत आहे असं नाही. मणक्यातल्या पाण्यातलं सिस्टॅटिन सी नावाचं प्रथिन वजा २० ला ठेवलं की त्याच्या टोकाची आठ अमिनो आम्लं तुटलेली सापडली आहेत. तपासणीच्या किटमधली अँटीबॉडी प्रथिनाला दुसऱ्या जागी चिकटत असेल तर किटला हे कळतही नाही.

सातपुडा_बायोकेम:
दादा, झाकणाखाली भुकटी आहे, पण थोड्याच नळ्यांत. एलडीएच वगळते. बाकीच्या वितळवू?

धुळेकर_टेक्निशियन:
भुकटीवाल्या वेगळ्या काढ. उरलेल्या एकदाच वितळव आणि त्याच बैठकीत छोट्या नळ्यांत वाटून वजा ८० ला टाक. घाई करू नकोस ताई, डोंगरातून पायी येऊन लोकांनी दिलेलं रक्त आहे, २०१९ चं पुन्हा मिळणार नाही. आणि लाइट गेल्याच्या नोंदी मामांच्या वहीत असतील, त्या प्रबंधात पद्धतीच्या प्रकरणात जशाच्या तशा लिही.